निवळ पाणी, गढूळ पाणी: मिनेसोटात वॉलायच्या मागावर

शुक्रवार

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठे तलाव 11,842 आहेत. गाड्यांच्या नंबरप्लेटवर मात्र '10,000 तलाव' एवढंच लिहितात, बहुधा विनयाने. यातला वॉलाय हा गोड्या पाण्यातला मासा गरवायला, म्हणजे गळाने धरायला, चांगला तलाव कुठला, हा विषय इथे ऑफिसात, सलूनमध्ये, दंतवैद्याच्या खुर्चीतही निघतो. उत्तर सगळे देतात आणि खरं कोणी सांगत नाही.

या वर्षी तो प्रश्न आमच्या घरातही आला, कारण वेंगुर्ल्याहून मामा आला होता. मामाची नोकरी बँकेतली, पण सुट्टीचा प्रत्येक दिवस त्याने खाडीच्या तोंडाशी गळ टाकून काढलेला. मॉल, धबधबा, संग्रहालय सगळं दाखवून झालं. तो सौजन्याने "बरा आसा" म्हणायचा आणि खिडकीतून बाहेर बघायचा. शेवटी नवऱ्याने लॅपटॉप उघडून इथल्या मत्स्यखात्याचं लेकफाइंडर दाखवलं, तेव्हा मामा खुर्ची ओढून बसला.

हे लेकफाइंडर म्हणजे मोठी चीज आहे. तलावाचं नाव टाकलं की खोलीचा नकाशा येतो, कुठल्या वर्षी किती पिल्लं सोडली ते येतं, आणि पाहणीच्या वेळी दर जाळ्यामागे कुठल्या जातीचे किती मासे सापडले तेही येतं. मामाचे प्रश्न तीनच होते. खोली किती? तळ कसलो? पाणी कसां? पहिल्या दोनांची उत्तरं पडद्यावर लगेच मिळाली. तिसऱ्याचंही मिळालं, पाणी किती फुटांपर्यंत पारदर्शक आहे हा आकडा तिथे असतो. पण मामाचं त्यावर समाधान होईना. बघितल्याशिवाय कसं कळणार, म्हणाला. मग मासेमारीच्या हंगामाच्या पहिल्या शनिवार-रविवारला जोडून सुट्ट्या टाकल्या आणि तीन तलाव ठरवले: मिल लॅक्स, लीच लेक आणि अप्पर रेड. कॅनडाच्या सीमेवरचा लेक ऑफ द वूड्स मी यादीतून काढला. तलाव उत्तमच आहे, पण एवढ्या पाण्यात भाड्याच्या लहान होडीतून मामाला न्यायची माझी तयारी नव्हती.

परवान्यांचं गणित मजेदार आहे. मामाला परराज्यातल्या माणसाचा सात दिवसांचा परवाना काढला. आमचा मुलगा सोळाच्या आतला, त्याला लागत नाही. आणि मदर्स डेच्या शनिवार-रविवारी मिनेसोटातल्या आयांना परवान्याशिवाय मासे धरता येतात. हंगामाचा पहिला दिवस बहुतेक वर्षी त्याच सुमाराला येतो. ज्याने कोणी ही सवलत काढली त्याला घरोघरी होणारी त्या आठवड्यातली भांडणं नीट माहीत असणार.

दुपारी प्लिमथहून निघालो. 169 नंबरचा रस्ता सरळ उत्तरेला जातो: एल्क रिव्हर, प्रिन्स्टन, मिलॅका, ओनेमिया. शेवटच्या टप्प्यात प्रत्येक दुसऱ्या गाडीमागे होडी. आमिषाच्या दुकानात रांग होती. मे महिन्यात वॉलायला शायनर नावाची चंदेरी मासळी लागते, ती जिवंत हवी, आणि तिचा तुटवडा ठरलेला. शेजारच्या बादलीत जळवा होत्या. त्यांचाही आमिष म्हणून उपयोग करतात, पाणी तापल्यावर. मामाने वाकून बघितलं आणि काहीच बोलला नाही.

शनिवार

गॅरिसन हे मिल लॅक्सच्या पश्चिम काठावरचं छोटं गाव. तलावाकाठी वॉलायचा भलामोठा पुतळा आहे, आणि आपणच वॉलायची जागतिक राजधानी असल्याचा गावाचा दावा आहे. असाच दावा करणारी दुसरी गावंही या राज्यात आहेत. वॉलाय 1965 पासून मिनेसोटाचा राज्यमासा आहे, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी गव्हर्नरनेही गळ टाकायचा अशी 1948 पासूनची प्रथा आहे. त्यामुळे दावेदारी चालायचीच.

पहाटे काठावर गेलो तेव्हा मामाचा पहिला प्रश्न होता, "सुकती कधी?" इथे भरती-ओहोटी नाही म्हटल्यावर तो जरा गोंधळला. पन्नास वर्षं ज्याने भांगाची आणि उधाणाची भरती बघून घर सोडलं, त्याला हे पाणी नुसतंच थांबलेलं वाटलं. समोरचा काठ मात्र दिसत नव्हता. मिल लॅक्स 1,32,000 एकरांचा आहे आणि सर्वांत खोल जागी जेमतेम 42 फूट. पाण्यात चार-पाच हातांवरचे दगड एकेक मोजता येत होते. मामाने ते बघितले आणि म्हणाला, "निवळ पाण्यात मासो आपणाक आधी बघता."

तो सकाळी सहाला हे म्हणाला आणि दहापर्यंत तसंच झालं. उजाडताना एक-दोन हिसके बसले, नंतर सूर्य वर आला आणि सगळं बंद. आजूबाजूच्या होड्याही एकेक करून काठाला लागल्या.

कारण वॉलायच्या डोळ्यात आहे. मांजराच्या डोळ्यात असतो तसा उजेड परतवणारा थर त्याच्या बुबुळामागे असतो, म्हणून रात्री बॅटरी मारली की डोळे चमकतात. संधिप्रकाशात त्याला उत्तम दिसतं. त्याचं आवडतं खाणं म्हणजे पिवळा पर्च हा लहान मासा, आणि त्या पर्चला उजेडात चांगलं दिसत असलं तरी तिन्हीसांजेला तो चाचपडतो. वॉलाय याच वेळी शिकारीला निघतो. भर दुपारी, निवळ पाण्यात, तो खोलात किंवा दगडांच्या आडोशाला पडून राहतो.

मिल लॅक्सचं पाणी पूर्वी इतकं निवळ नव्हतं. ऐंशीच्या दशकापासून ते हळूहळू स्वच्छ होत गेलं. 2005 मध्ये इथे झेब्रा शिंपले सापडले. हे परदेशी शिंपले नखाएवढे, पण पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म अन्न खातात आणि कोट्यवधींच्या संख्येने वाढतात. त्यांच्या मागून 2009 मध्ये काटेरी पाणपिसू हा बारीकसा पाणजीव आला. लहान वॉलाय जगण्याचं प्रमाण घटलं. 2013 सालची पिढी मात्र भक्कम निघाली आणि पुढची कित्येक वर्षं सगळे नियम त्या पिढीला सांभाळण्यासाठी आखले गेले. काही मोसमांत तर इथला वॉलाय धरून परत सोडायचा, घरी न्यायचाच नाही, असा हुकूम होता. किती इंचाचा ठेवायचा हे अजूनही दरवर्षी बदलतं, तेव्हा जायच्या आधी त्या मोसमाचा नियम वाचायलाच हवा.

धक्क्यावरच्या गप्पांत या सगळ्याचं खापर ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या जाळ्यांवर फुटताना ऐकलं. 1837 च्या तहात त्यांनी जमीन दिली, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क कायम असल्याचा निकाल दिला, पाच विरुद्ध चार मतांनी. मला ही खापरफोड सोयीची वाटते. जाळं डोळ्यांना दिसतं. पाण्याचा रंग वीस-तीस वर्षांत बदलला, हे रोज बघणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

संध्याकाळी लाँचवर गेलो. मिल लॅक्सवर ही मोठी सोय आहे: सपाट, मोठी बोट, कठड्याला ओळीने माणसं, रॉड-रील त्यांचंच, चारेक तासांची फेरी. साडेआठच्या सुमारास सूर्य टेकला आणि रॉड वाकायला लागले. सगळ्या कठड्यावर एकच गडबड. मामालाही लागला, चांगला दोन फुटांच्या आसपासचा, सोनेरी-हिरवट, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका. तो मापात बसत नव्हता. बोटीवरच्या मुलाने पट्टी लावली, मान हलवली आणि मासा पाण्यात सोडला. मामा पाण्याकडे बघत राहिला. वेंगुर्ल्यात एवढा मासा कोणी परत सोडला असता तर त्याची बातमी झाली असती.

रात्री त्याचा निकाल ठरलेला होता: मासे आहेत, मोठे आहेत, पण हा तलाव रात्रीचा आहे. दिवसा मुलाला घेऊन बसायचं तर इथे नाही.

रविवार

लीच लेकबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तिथे आम्ही फार वेळ पाण्यात नव्हतो. ब्रेनर्डवरून 371 ने वॉकरला पोचलो तर वायव्येचा वारा सुटलेला.

थोडा वारा वॉलायला हवाच असतो. लाटांनी पृष्ठभाग फुटला की उजेड आत कमी जातो आणि मासा दिवसाही उथळ खडपांवर येतो. इथल्या लोकांकडे अशा लाटांना स्वतंत्र नाव आहे, वॉलाय चॉप. आम्ही आडोशाच्या बाजूला खडकाळ टोकाशी तासभर वाहत गेलो आणि त्या तासात लेकाला त्याचा पहिला वॉलाय मिळाला. मग वारा वाढला. लीच लेक लाखभर एकरांचा, काही भाग पसरट आणि वॉकर बे दीडशे फुटांपर्यंत खोल. मोकळ्या पाण्यावर पांढरे शेंडे दिसायला लागल्यावर मामाच आधी म्हणाला, "फिरव गो."

या तलावाने वाईट दिवस बघितलेत. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला इथला वॉलाय झपाट्याने घटला. लिटल पेलिकन बेटावर पाणकावळ्यांची वसाहत फुगली होती, तिच्यावर लीच लेकच्या ओजिब्वे लोकांनी पुढाकार घेऊन नियंत्रण आणलं, सरकारने पिल्लं सोडली, आणि तलाव सावरला. आज ज्याच्याकडे अठरा-वीस फुटी भक्कम होडी आहे आणि ज्याला पाण्याखालची खडपं पाठ आहेत त्याने डोळे मिटून इथे यावं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. मदर्स डेचं जेवण वॉकरमध्ये बर्गरवर उरकलं. परवान्याशिवायची माझी मुदत अशी वाऱ्यात गेली. सोमवारसाठी मलाही परवाना काढावा लागला.

सोमवार

कॅस लेक, मग बेमिजी. तिथे 1937 सालचा पॉल बनियनचा पुतळा आणि त्याचा निळा बैल आहे, लेकाने फोटो काढला, पुढे निघालो. ब्लॅकडकपासून 72 नंबरचा रस्ता लागतो आणि वस्ती संपते. दोन्हीकडे पाणथळ जमीन, काळी खुरटी झाडं, मधूनच एखादं घर. वॉस्किश हे गाव टॅमरॅक नदीच्या तोंडाशी आहे. शनिवारची गर्दी ओसरली होती. कॅबिन सहज मिळाली आणि सोळा फुटी अॅल्युमिनियमची होडीही.

नदीच्या पुलाखाली मामाने ओंजळीत पाणी घेतलं. कोऱ्या चहाचा रंग. तो पहिल्यांदाच मनापासून हसला. "हय आसतलो," म्हणाला.

अप्पर रेड लेक अवाढव्य असूनही उथळ आहे. होडी अर्धा तास सरळ नेली तरी खोली मोजणाऱ्या सोनार यंत्रावर दहा फूट दिसेना. खडप नाही, खड्डा नाही, नकाशात बघण्यासारखं काही नाही. लेकफाइंडरवर मी हा नकाशा बघून तोंड वाकडं केलं होतं, तर मामा म्हणाला होता की तळ सपाट असला की मासा फिरता असतो, त्याला शोधत जायला नको, तोच येतो. काठापासून फार लांब नाही, सहा-सात फूट पाण्यात, जिथे रेती आणि बारीक दगड होते तिथे नांगर टाकला. अष्टमांश औंसाचं भडक नारिंगी जिग, म्हणजे वजन लावलेला गळ, त्याला शायनर तोंडातून ओवलेला.

घड्याळात दुपारचा दीड. वर लख्ख ऊन. मिल लॅक्सवर या वेळी लोक झोपले होते.

पहिला मामालाच लागला. हिसका नव्हताच, दोरी नुसती जड झाली. वॉलाय आमिष ओढत नाही, तोंडात घेऊन थांबतो. नवरा पुण्याचा, त्याला प्रत्येक वेळी घाईने रॉड उचलायची सवय, आणि मासा सुटायचा. मामा एक श्वास थांबून मनगटाने नुसतं वर घ्यायचा. त्याने लेकाला दोरी बोटावर धरायला शिकवलं, रॉडचं टोक बघायचंच नाही. पुढचे दोन तास या दोघांनी आम्हा दोघांकडे ढुंकून पाहिलं नाही. चौदा ते सोळा इंची मासे, खायला नेमके. धक्क्यावरच्या फलकात लिहिलेल्या मापापेक्षा मोठे दोन-तीन परत सोडले.

हा तलाव एकदा रिकामा झाला होता, हे तिथे बसून पटत नव्हतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात अन्न म्हणून इथे व्यापारी मासेमारी सुरू झाली आणि ऐंशी वर्षं चालली. नव्वदच्या दशकाच्या मध्याला वॉलाय जवळजवळ संपला. गंमत म्हणजे त्याची जागा क्रॅपी माशाने घेतली आणि काही वर्षं लोक लांबून तळहातापेक्षा मोठ्या क्रॅपी धरायला इथे येत होते. 1997 मध्ये रेड लेकच्या ओजिब्वे मच्छीमारांनी स्वतःहून जाळी काढून घेतली. 1999 मध्ये त्यांनी, राज्य सरकारने आणि केंद्राच्या खात्याने मिळून करार केला: वॉलाय कोणीच धरायचा नाही. 1999, 2001 आणि 2003 मध्ये कोट्यवधी पिल्लं सोडली. सोडण्याआधी ती अशा औषधी पाण्यात ठेवली की त्यांच्या हाडांत खूण उरावी, म्हणजे पुढे सापडलेला मासा सोडलेला की तलावातच जन्मलेला हे ओळखता यावं. 2006 मध्ये मासेमारी पुन्हा उघडली, दिवसाला दोन माशांवर. त्या पिल्लांची पुढची पिढी तलावातच निपजली, आणि नंतर सोडायची गरजच उरली नाही.

मी हे सांगत होते तेव्हा मामा गप्प होता. मग म्हणाला, आपल्याकडे जून-जुलै बंदी असते, तेवढीही सगळ्यांना जड जाते. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांवरून मालवण-वेंगुर्ल्यात काय चाललंय ते तो रोज बघतो. सात वर्षं? कोण थांबेल सात वर्षं? असं म्हणून त्याने पुन्हा गळ टाकला. मीही विषय वाढवला नाही.

एक सावधगिरी. खालचा रेड लेक पूर्ण आणि वरचा बराचसा भाग रेड लेक नेशनच्या, म्हणजे तिथल्या ओजिब्वे लोकांच्या, मालकीचा आहे. बाहेरच्यांना फक्त वरच्या तलावाचा पूर्वेकडचा पट्टा खुला आहे, साधारण 48,000 एकर. पाण्यावर रेघ काढलेली नसते, तेव्हा फोनवर नकाशा उघडा ठेवावा आणि त्या बाजूला जाऊच नये. ते त्यांचं घर आहे, आणि त्यांनी ते कसं वाचवलं ते वर लिहिलंच आहे.

संध्याकाळी मासे साफ करायच्या शेडमध्ये मामाने धुमाकूळ घातला. इथे लोक दोन बाजूंचे फिले, म्हणजे बिनकाट्याचे तुकडे, काढतात आणि डोकं-काटा सरळ बादलीत टाकतात. मामाने ते बघून कपाळाला हात लावला. "अहो, डोकी टाकताहेत ही माणसं!" तो माझ्याशी शुद्ध मराठीत बोलतो तेव्हा प्रकरण गंभीर असतं. मी शेजारच्या आजोबांना विचारलं, त्यांनी हसून दोन डोकी देऊ केली आणि वॉलायच्या गालाचा मांसल तुकडा सुरीच्या टोकाने कसा काढायचा ते दाखवलं. मामाने ते एका नजरेत उचललं.

कॅबिनमध्ये फिले हळद-तिखट, आलं-लसूण आणि आगळ लावून रव्यात घोळवले. डोक्यांचं पातळसं तिखलं. खोबरं नव्हतं, तिरफळं मामाच्या पिशवीत होतीच, ती त्याने अमेरिकेच्या कस्टमला काय म्हणून सांगितली होती ते मी विचारलं नाही. वॉलाय पांढरा, घट्ट, काटे कमी, वास जवळजवळ नाही. मामाच्या मते "मासो चांगलो, पण सभ्य." बांगडा खाणाऱ्याला तो थोडा फिकाच वाटणार. तळलेले गाल बशीत घालून लेक आजोबांना देऊन आला. येताना त्याच्या हातात कागद होता: टॅमरॅकच्या तोंडापासून कुठल्या दिशेला, किती फुटांवर, सकाळी किती वाजता.

मंगळवार

कागद खरा निघाला. पहाटे तास-दीड तासात आमचा कोटा झाला आणि उरलेला वेळ मामाने धरून सोडण्यात घालवला. सोडताना मासा पाण्यात दोन्ही हातांनी आडवा धरायचा, त्याने स्वतः झटका दिला की हात काढायचा, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

दहाला होडी परत केली. शायनरच्या बादलीतलं तलावाचं पाणी जमिनीवर ओतून तिच्यात नळाचं भरलं. हा इथे कायदा आहे, कारण झेब्रा शिंपल्यांची अळी डोळ्यांना दिसत नाही आणि अशाच पाण्यातून पुढच्या तलावात जाते. ज्यांची स्वतःची होडी आहे त्यांनी तळाचं बूच काढूनच रस्त्याला लागायचं. घरी न्यायच्या फिलेवर इंचभर चौरस खवल्यांसकट कातडी ठेवायची, म्हणजे वाटेत कोणी तपासलं तर मासा कुठला ते कळावं.

निघायच्या आधी उत्तरेला बिग बॉगच्या लाकडी वाटेवर गेलो. मैलभर लांबीची ही वाट पाचशे चौरस मैलांच्या दलदलीत शिरते. पायाखाली शेवाळ, त्याखाली हजारो वर्षांचं कुजलेलं शेवाळ, पीट म्हणतात ते. तलावाचा चहासारखा रंग इथून येतो. मामा अर्ध्या वाटेत कठड्याला टेकला आणि खालच्या काळ्या पाण्याकडे बघून म्हणाला, आधी हय आणायचा होता, मग तलाव दाखवायचो. मिल लॅक्सचे दोन दिवस वाचले असते, हे त्याने बोलून दाखवलं नाही, पण नवऱ्याला ते बरोबर ऐकू गेलं.

कॅबिनची किल्ली द्यायला गेलो तेव्हा मालकीणबाईंनी पुढच्या वर्षीची वही उघडून विचारलं, हंगामाचा पहिला शनिवार धरू का? मी हो म्हणणार तोच मामाने बाही ओढली. "शनवार नको. सोमवार सांग."